दोन व्याही, दोन गाड्या

पेट्रोलपंपावरही सांगायचं राहून गेलं. चष्मेवाल्याने हेल्मेट काढलं, घसा खाकरला, "व्याहीबुवा, जरा बोलायचं होतं," इथपर्यंत मजल मारली. तोवर व्याहीबुवांनी किक मारलीसुद्धा. "ऊन चढायच्या आत घाट उतरू," एवढं बोलून ते रस्त्याला लागलेदेखील. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. चष्मेवाल्याने घामाने भिजलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यात कोंबलं आणि मागे निघाला.

सांगायचं ते जेमतेम दोन वाक्यांचं होतं. त्याची मुलगी आणि व्याह्यांचा मुलगा वेगळे होत होते. कागदांवर सह्या झाल्या होत्या. जावयाची बापासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं त्यांचं चांगलं जमतं. तुम्हीच सांगा." आणि बायको म्हणाली, "एवढी फेरी करून या. सांगा आणि मोकळे व्हा. त्यानंतर त्या घराचं नाव काढायचं नाही." म्हणजे सांगितलं की संपलं. नऊ वर्षांच्या या फेऱ्याही संपल्या.

मुलांच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आत बायका याद्या करत होत्या आणि हे दोन बाप अंगणात उकिडवे बसून एकमेकांच्या गाड्यांच्या चेनी तपासत होते. तिथून हे खूळ लागलं. वर्षातून एक दिवस, दोन गाड्या, तलावाला पूर्ण वळसा. मुलांचं पटेना झालं तरी बापांचं पटतच राहिलं, आणि यात आपलं काही चुकतंय का, हे चष्मेवाल्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

यंदा मात्र फेरीत राम नव्हता. चष्मेवाल्याचं वय त्रेसष्ट. मनगटं ठणकत होती, कंबरेचा पार बुकणा झाला होता. आणि व्याहीबुवांचंही काहीतरी बिनसलं होतं. हा माणूस जन्मभर क्रेनच्या केबिनमध्ये एकटा बसलेला. खाली उतरला की आयुष्यभराचं बोलणं एकदम काढायचा. चहाच्या टपरीवर दोन कप पिऊन, झाडाखाली वर्तमानपत्र अंथरून अर्धा तास घोरल्याशिवाय तो कधी पुढे हलला नव्हता. आज त्याने चहा उभ्याउभ्या घशात ओतला. जीभ पोळली तरी थांबला नाही. पुढे वडाखाली चष्मेवाला टेकला, तर हा चेनला तेल द्यायला उठला. ते तेल त्याने घरून निघतानाच दिलं होतं. थकला बिचारा, चष्मेवाला मनाशी म्हणाला. वय कुणाला चुकलंय?

दुपारी तलावाच्या टोकाशी दोरी आडवी लावलेली दिसली. पुढे दरड कोसळली होती. रस्ता मोकळा व्हायला चार तास लागणार होते. पलीकडे जायला आता एकच उपाय होता, फेरीबोट. ती धक्क्याला लागलेलीच होती.

"बोट नको," व्याहीबुवा चटकन म्हणाले. "थांबू चार तास. नाहीतर जंगलातली वाट आहे."

"त्या वाटेत माझी हाडं गोळा करावी लागतील," चष्मेवाला म्हणाला. "झेपत नाही हो आता. बोटीनेच जाऊ."

नऊ वर्षांत त्याने पहिल्यांदाच स्वतःचं म्हणणं पुढे रेटलं होतं. व्याहीबुवांनी पाण्याकडे बघितलं, बोटीकडे बघितलं आणि मुकाट्याने गाडी फळीवर चढवली.

बोटीवरच्या माणसाने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावून घेतल्या. चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले. "इंजिन बंद. आपापली गाडी धरून उभं राहायचं," त्याने बजावलं. "चाळीस मिनिटं कुणी जागा सोडायची नाही. गाडी पडली तर जबाबदारी तुमची."

धक्का मागे पडला. आता किक मारायला रस्ता नव्हता, तेल द्यायला निमित्त नव्हतं. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. व्याहीबुवांनी हेल्मेट काढलं नव्हतं. चष्मेवाल्याला त्यांची फार दया आली. या माणसाला काही कल्पना नाही, आणि मी त्याला पाण्याच्या मधोमध गाठून सुनेसकट सगळं हिरावून घेणार. पण किनाऱ्याला लागल्यावर धीर होणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"व्याहीबुवा," तो एका दमात म्हणाला, "मुलं वेगळी होताहेत. सह्या झाल्या."

बोट थोडी कलली. व्याहीबुवांनी हँडल घट्ट धरलं, मग सावकाश हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. चेहरा एका दिवसात उतरल्यासारखा दिसत होता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पोराने महिन्यापूर्वीच सांगितलं."

चष्मेवाल्याला खरंच राग आला. "मग सकाळपासून मला पळवताय कशाला? मी इथे एकेक शब्द जुळवून जुळवून अर्धा झालो!"

"घरी शब्द दिलाय मी. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगाल, त्या दिवसापासून जाणं-येणं बंद." त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पलीकडच्या काठाकडे बघत राहिले. "आज तुम्ही सांगितलं नसतं ना, तर मी पुढच्या वर्षीही आलो असतो."