शेळ्यांची सोय

सेलूच्या चर्चमधून उपासना करून आलेला शमुवेल थेट शेजारच्या म्हाळसाबाईकडं गेला आणि घराची जादा चावी त्यानं तिच्यापुढं ठेवली.

“मावशी, जगाचा शेवट जवळ आलाय. प्रभू येशू ढगांवर येईल आन् आमाला उभ्याउभ्या वर उचलून नेईल. तवा शेळ्यांला तेवढं चारापाणी बघा.”

“आन् मी?”

“तुमी हितंच राहणार,” शमुवेल अवघडून म्हणाला. “म्हणून तर तुमाला सांगायलोय.”

“थोरल्या भावाकडं दे की चावी. दानियलबी तुमच्यातलाच हाय.”

“तो दुसऱ्या मंडळीत, दुसऱ्या चर्चला जातो. त्यांच्यात म्हणतात, आधी सात वर्षं संकट, मग मेलेले उठणार, मग प्रभू नेणार. सगळी खोटी शिकवण! तोबी हितंच राहतोय बघा. पण त्याच्या हाती शेळ्या दिल्या तर आठवड्यात इकून खाईल.”

म्हाळसाबाईनं पदराची गाठ सोडली. आत आधीच एक चावी होती.

“दानियल कालच त्याच्या शेळ्यांचं सांगून गेलाय. संकट सरल्यावर तो वर जाणार म्हणं, आन् तू मागं राहणार. तूबी इकून खाशील म्हणला.”

म्हाळसाबाईनं दोन्ही चाव्या एकाच गाठीत बांधल्या.

“एकमेकांवर न्हाई, पण माझ्यावर दोघांचाबी भरवसा हाय. वर गेल्यावर तेवढं तुमच्या देवाच्या कानावर घाला.”