बाबा काय ओरडले

शेवटचा दगड अक्षयाच्या टीमचा होता. तो बर्फावरून सरकत निघाला तसा यतीन बाकावरून उठला. दगडाच्या पुढे खाली वाकून बर्फावर झपाझप ब्रूम, म्हणजे लांब दांड्याचा ब्रश, घासत धावत होती ती त्याची बारा वर्षांची मुलगी. दगड रंगीत वर्तुळाच्या मध्याशी थांबला की मॅच त्यांची, आणि पुढची फेरी थेट एडिनबराला.

"यतीन, बस ना," आसावरीने नवऱ्याची बाही ओढली. "इथे कुणी उभं राहत नाही."

सकाळपासून ती हेच करत होती. ऑलिंपिकात स्कॉटिश मुलींना कर्लिंगचं सुवर्णपदक मिळाल्यापासून ग्लासगोतल्या शाळाशाळांतून मुली कर्लिंगला लागल्या होत्या, त्यात अक्षयाही. आईबाप मात्र जन्मात पहिल्यांदाच हा खेळ बघत होते. समोरच्या टीमचा दगड चुकला तेव्हा यतीनने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. सगळ्या बाकांवरची डोकी वळली. शेजारच्या मिसेस मॅक्लीन, समोरच्या टीममधल्या एका मुलीची आजी, हळूच म्हणाल्या की इथे दुसऱ्याच्या चुकीला टाळी देत नाहीत.

"मग अंपायर कुठे बसतो?" यतीनने विचारलं.

म्हातारी हसली. ज्याची चूक त्यानेच सांगायची, म्हणाली.

"कठीण आहे," यतीन मराठीत पुटपुटला. वरती काचेमागे हीटर लावलेली छान गॅलरी होती. ती सोडून तो मुद्दाम बायकोला घेऊन बर्फाच्या कडेला कुडकुडत बसला होता, पोरीला आपला आवाज ऐकू गेला पाहिजे म्हणून.

दगड वर्तुळात शिरला आणि बरोब्बर मध्यावर थांबला. यतीनने दोन्ही हात वर केले. पण थांबायच्या जरा आधी अक्षयाचा ब्रूम दगडाला लागला होता. अगदी ओझरता. ब्रूम लागला की दगड बाद, एवढा नियम अक्षयाने घरी सांगून ठेवला होता. आसावरीने पाहिलं, यतीननेही पाहिलं. बाकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. समोरच्या मुली तर हात मिळवायला पुढे यायलाही लागल्या होत्या.

अक्षया मात्र जागची हलली नाही. ती ब्रूमकडे बघत होती. मग तिचा हात हळूहळू वर जायला लागला.

"अक्षू, हात खाली!" यतीन ओरडला. "कुणी बघितलं नाहीये! झाकली मूठ झाकलेलीच राहू दे!"

ओरडला मराठीतच. त्या अख्ख्या हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं तीनच होती. तिघांनाही स्वच्छ ऐकू आलं.

अक्षयाने एकदा बापाकडे पाहिलं. मग हात पूर्ण वर केला आणि समोरच्या कॅप्टनला सांगून टाकलं, "दगडाला माझा ब्रूम लागला." कॅप्टनने मान डोलावली आणि पायाने दगड वर्तुळाबाहेर सारला. आता मध्याच्या सगळ्यांत जवळ समोरच्या टीमचा दगड होता. मॅच गेली.

आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याची लाज वाटली हे तर झालंच. पण अक्षयाचा हात वर जाताना तिच्याही मनात 'नको गं' असंच आलं होतं. तो मोठ्याने बोलला आणि ती गप्प राहिली, एवढाच काय तो फरक.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना चहा पाजायचा, अशी इथली रीत. कॅफेत मिसेस मॅक्लीननी तिघांना आपल्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः ट्रे आणून ठेवला. अक्षया केक नुसताच काट्याने उकरत होती.

"तुमचे मिस्टर तिला ओरडून काय सांगत होते?" त्यांनी आसावरीला कौतुकाने विचारलं.

यतीन कपात बघायला लागला.

"लागला असेल तर सांगून टाक, म्हणाला," आसावरी म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण हे किती सहज बोललो.

म्हातारीचे डोळे भरून आले. तिने यतीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातातली मॅच जात असताना पोरीला खरं बोलायला सांगणारा बाप एवढ्या वर्षांत पाहिला नाही, म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही तिने ते सांगितलं. दोघातिघांनी वळून मान लववली.

"थँक यू," यतीन म्हणाला.

मग म्हातारी अक्षयाकडे वाकली. "बाबांनी सांगितलं म्हणून धीर आला ना गं तुला?"

अक्षयाच्या हातातला काटा थांबला. तिने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. 

"हो," ती म्हणाली. "बाबांनीच सांगितलं."