बिघाड

तिसऱ्या दिवशीही गल्लीतले नळ कोरडेच होते. पाणीखात्यातला व्हॉल्व्हमन घरी आला, तेव्हा बायको टँकरच्या रांगेतून नुकतीच परतली होती. हंडा जेमतेम अर्धा, पण पारा पुरता चढलेला.

“रांगेतली एक म्हणते, पाणीखात्यातले सगळे फुकटखाऊ आहेत! मी म्हटलं, माझा नवरा तीन दिवस बिघाड शोधतोय, जेवायची शुद्ध नाही त्याला. अशी जुंपली की बस! शेवटी टँकरवर उभ्या भाऊंनीच मिटवलं. आता ते उमेदवार आहेत हे खरं, पण स्वतःच्या हातानं पाणी वाटतंय कोण हो?”

व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी त्यानं दाराआड उभी केली. तिचा गंज दोन्ही तळव्यांना लागला होता. बायकोनं हंड्यातून तांब्या भरला.

“हात पुढे करा.”

“नको गं, पिण्यापुरतंच आहे.”

“असू दे. गल्लीसाठी राबणाऱ्या माणसानं असं गंजलेल्या हातानं जेवायचं?”

तिनं एवढ्या मायेनं पाणी ओतलं, की त्याला हात मागे घेता येईना. तांबूस पाणी मोरीत वाहून गेलं.

“सापडेल ना हो लवकर तो बिघाड?”

 

“सापडेल,” मान वर न करता तो म्हणाला, “मतदान झालं की.”