आईने टाइप केलेलं नाव

"अगं, आता तरी नाव बदल. गेमवाले फुकट बदलून देतायत ना?" गेमिंग स्पर्धेच्या फायनलआधी विभावरीने लेकीचा दंड धरला.

चूक तिचीच होती. सहा वर्षांपूर्वी, घसा बसेस्तोवर हाका मारूनही हेडफोन लावलेल्या लेकीला ऐकू जाईना, म्हणून तिने गेममध्येच निरोप टाइप केला. ती चौकट नेमकी नावाची निघाली.

"आई, या नावाला सगळे टरकून असतात," म्हणत लेक स्टेजवर गेली.

तासाभराने ती एकटी तिघांना पुरून उरली. अख्खा हॉल उभा राहून ओरडू लागला, "जेवायला ये! जेवायला ये!"

लाज विसरून विभावरीही ओरडली. लेकीने हेडफोन भिरकावले आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली.

आयुष्यात पहिल्यांदाच, एका हाकेत.