अर्धा फेरा

ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली. अंतरा उतरली आणि साडीच्या निऱ्या सारख्या करून बाजूला उभी राहिली. खोपटच्या एका कॉलेजात तिची मुलाखत होती, रसायनशास्त्राच्या जागेसाठी. उशीर झाला तर आत घेणार नाही, असं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. कल्याणहून निघताना ती म्हणालीही होती की मी आपली लोकलने जाते, पण तिचा नवरा सलिल हसला. म्हणाला, "कालच ट्यून केलीय गाडी. लोकलच्या आधी पोचवतो."

सलिलने गाडी स्टँडवर घेतली, पाना काढला आणि प्लग उघडायला बसला. प्लग तापलेला होता. त्याने अंतराच्या हातातला रुमाल ओढून घेतला, त्यात प्लग धरला, मग त्यालाच बोटं पुसली आणि रुमाल परत तिच्या हातात ठेवला. पांढऱ्या रुमालावर काळं ग्रीस आणि पेट्रोलचा भपकारा. मुलाखतीला जायच्या साडीतली बाई तो रुमाल चिमटीत धरून उभी राहिली.

"बघ, प्लग पांढरा पडलाय," सलिल म्हणाला. "म्हणजे पेट्रोल कमी जातंय. अण्णांनी स्क्रूला हात लावला."

लावणारच. कार्ब्युरेटरचा तो एवढासा स्क्रू म्हणजे त्या घरातलं कुलदैवत होतं. रात्री जेवण झालं की सलिल खाली जायचा आणि पिकअप वाढावा म्हणून स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा. पहाटे फिरायला निघालेले अण्णा, म्हणजे त्याचे वडील, शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर खिशात घालून जायचे आणि एव्हरेज वाढावं म्हणून तोच स्क्रू अर्धा फेरा आवळायचे. गाडी चालते ती आपल्या हातगुणाने, असं दोघांनाही वाटायचं. अंतराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघंही दिसायचे. खाण तशी माती, असं मनाशी म्हणून ती पोळ्या लाटायची.

सलिलने अण्णांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अण्णा, स्क्रू फिरवलात का?"

"एक फेरा आवळलाय. रोज अर्धाच आवळतो, पण आज डबल सीट लांब जाताय म्हणून म्हटलं, पूर्ण आवळावा."

"रोज?"

"मग काय करू? तुझ्या हातात गाडी दिली की पेट्रोलची नुसती होळी. बरं, तिथपर्यंत एव्हरेज किती पडलं?"

"अहो, बंद पडलीय गाडी."

"आवळल्याने बंद पडत नाही कधी. तू सैल करून ठेवतोस त्याने पडते."

मग बापलेकांची जी जुंपली, ती जुंपलीच. डोक्यावरून ट्रक धडधडत होते, बाजूने डंपर धूळ उडवत होते, आणि हे दोघे घसा बसेस्तोवर हवा आणि पेट्रोलवर भांडत होते. मुलाखतीचा 'म'ही कोणी काढला नाही.

"मी रिक्षाने पुढे जाते," अंतरा म्हणाली.

"दोनच मिनिटं. झालंच," सलिल मान वर न करता म्हणाला.

"सूनबाई आहे ना तिथे?" फोनमधून अण्णा म्हणाले. "तिला टॉर्च धरायला सांग. पुलाखाली अंधार असतो."

उशीर होतोय हे कॉलेजला कळवायला जो मोबाइल तिने पर्समधून काढला होता, त्याचाच टॉर्च तिने स्क्रूवर धरला. दुसरं काय करणार, मध्येच निघून गेली असती तर घरी महिनाभर ऐकावं लागलं असतं. सलिलची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली होती. स्क्रू फिरवताना तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जी माया उतरली होती, ती तिने आजवर त्या चेहऱ्यावर पाहिलेली नव्हती. तिला किळस आली. राग आला तर भांडून मोकळं होता येतं. ही शिळ्या आमटीवरचं झाकण उचलल्यासारखी नाकात बसली.

सलिलने किक मारली. गाडी एकदम फुरफुरली. त्याने घाईघाईने हेल्मेट डोक्यात कोंबलं, फोन खिशात टाकला.

"बस लवकर, आता बंद पडू द्यायची नाही," तो ओरडला.

अंतराने एका हाताने निऱ्या धरल्या, दुसरा हात मागच्या दांडीला लावला आणि पाय उचलला. तेवढ्यात त्याने क्लच सोडला. दांडी तिच्या हातातून निसटली आणि गाडी सुसाट निघून गेली. तिने हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. हातातला रुमाल तिने तिथेच टाकून दिला आणि मागून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"खोपट. जरा लवकर घ्या."

पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तर शेजारीच सलिलची गाडी उभी. तो इंजिन घुमवत होता आणि हेल्मेटची काच वर करून, मान थोडी मागे वळवून बोलत होता.

"काय पिकअप आलाय बघ. डबल सीट वाटतच नाहीये. उगाच रिक्षा रिक्षा करत होतीस."

अंतरा रिक्षात मागे सरकून बसली. सिग्नल सुटला तसा तो बोलत बोलतच पुढे निघून गेला.

"गाडी चालवताना फोनवर बोलतात," रिक्षावाला म्हणाला. "असेच मरतात हे लोक."

"फोनवर नाही," अंतरा म्हणाली. "बायकोशी बोलतोय."