नव्या सिनेमातला माळी

"आता माळी येईल बघा," अच्युतराव शेजाऱ्यांना म्हणाले. चिवड्याच्या बशा हातात घेऊन सगळे टीव्हीसमोर बसले होते.

ज्या जुन्या रहस्यपटावरून हा नवा सिनेमा काढला होता, त्यात माळ्याचं काम अच्युतरावांनी केलं होतं. शेवटी तोच खुनी निघायचा. त्यानंतर त्यांना दुसरी भूमिका मिळाली नाही, पण सोसायटीतली पोरं अजूनही 'खुनी आजोबा' म्हणत. बायकोला, वत्सलाबाईंना, ते मुळीच खपत नसे.

नव्या सिनेमात बंगल्याऐवजी विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट होता. बाग नव्हती, त्यामुळे माळीही नव्हता. खुनी निघाला डॉक्टर.

"छान होता हो," म्हणत शेजारी उठले. अच्युतराव बंद टीव्हीकडे बघत राहिले.

वत्सलाबाई जवळ येऊन बसल्या. "त्यांना काय कळतंय? खून तुम्हीच केला होता."