उडी राखून ठेव

भार्गवच्या हाडांवरून आणि रक्तावरून मशीनने काढलेलं भविष्य हातात पडताच त्याच्या बास्केटबॉल कोच धोबळे मॅडमनी आधी आलेखावरची ब्लॉकची, म्हणजे समोरच्याचा बॉल हवेतच अडवण्याची, रेघ पाहिली. सहा फूट दहा इंचांच्या या पोरासारखा बचाव करणारा राज्यात दुसरा होणार नव्हता. पण चढत चढत गेलेली रेघ विसाव्या वर्षातच थांबली होती.

"पुढचा कागद राहिला वाटतं."

मशीनवरच्या माणसाने मान खाली घातली. "मॅडम, शरीर आहे तोवरच रेघ येते."

भार्गवला मागच्याच महिन्यात एकोणीस पूर्ण झाली होती.

कोर्टवर तो हात वर करून, पाय रोवून उभा होता. दोन वर्षं मॅडमनी हेच घोटून घेतलं होतं: दर बॉलला उडी मारायची नाही, गुडघे राखायचे, अजून पंधरा वर्षं खेळायचंय.

"काय आलं, मॅडम? ब्लॉक वाढतील ना?"

"वाढतील." त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "आज उडी मार."

"कुठल्या बॉलला?"

"प्रत्येक."

पहिलाच बॉल त्याने रिंगच्या वर जाऊन थोपवला आणि खाली येता येता हसत ओरडला, "मॅडम, हे आधी का नाही सांगितलंत?"